पटावरचा सुलतान

बुद्धिबळाचा जन्म भारतात झाला. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ या सेनेच्या चार अंगांवरून त्यास चतुरंग हे नाव पडले. भारतातून हा खेळ इराणात गेला, इराणातून अरबांच्या हाती आला आणि पुढे युरोपात पोचला. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी युरोपातील लोकांनी त्याच्या नियमांत मोठे फेरफार केले. पूर्वी एकेक घर चालणारा वजीर आता साऱ्या पटावर धावू लागला, उंटाची तिरकी चाल लांबली आणि प्याद्यास पहिल्या खेळीत दोन घरे पुढे जाण्याची मुभा मिळाली. कालांतराने हे बदल समुद्र ओलांडून पुन्हा भारतात आले. परंतु येथील खेळाडूंनी ते सर्वच्या सर्व स्वीकारले नाहीत. त्यामुळे विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या देशात बुद्धिबळाचे दोन प्रकार नांदत होते. एक विलायती आणि दुसरा देशी. देशी खेळ गावोगावच्या पारावर आणि वाड्यांच्या ओसरीवर रंगे. विलायती खेळ शहरांतील मोजक्या मंडळींस ठाऊक होता. देशी खेळात वाढलेल्या एका तरुणाने विलायतेत जाऊन तेथील नामवंतांना त्यांच्याच नियमांनी हरविले. त्या तरुणाचे नाव सुलतान खान.

पंजाबात झेलम नदीच्या काठी खुशाब नावाचे गाव आहे. आज ते पाकिस्तानात आहे. त्या काळी ते ब्रिटिश अमलाखालील हिंदुस्थानात होते. याच परिसरात विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत सुलतानचा जन्म झाला. त्याचे वडील धर्मशिक्षण देणारे गृहस्थ होते आणि त्यांना बुद्धिबळाचा मोठा नाद होता. सुलतान नऊ वर्षांचा झाला तेव्हा वडिलांनी त्याला पटासमोर बसविले आणि देशी खेळाचे नियम शिकविले. मुलाने खेळ झटकन उचलला. एकदा पटासमोर बसला की तो तासन्‌तास जागचा हलत नसे. त्याच्या चेहऱ्यावर ना जिंकल्याचा आनंद दिसे, ना हरल्याची खंत. पुढे मोठमोठे खेळाडू त्याच्या समोर बसून त्याच्या चेहऱ्यावरून काही समजते का ते पाहत; पण त्यांच्या हाती काही लागत नसे.

देशी खेळाची रीत येथे समजून घेतली पाहिजे, कारण सुलतान खान यांच्या साऱ्या खेळाचे मूळ तिच्यात आहे. देशी खेळात प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर पुढे सरकते. त्यामुळे दोन्ही सैन्ये एकमेकांना भिडण्यास वेळ लागतो आणि दोन्ही बाजूंना आपली फळी निवांतपणे रचता येते. विलायती खेळात राजा आणि हत्ती मिळून एक विशेष खेळी करतात. राजा दोन घरे सरकून कोपऱ्याकडे जातो आणि हत्ती त्याच्या बाजूस उभा राहतो. यास किल्लेकोट म्हणतात. देशी खेळात ही सोय नव्हती. त्याऐवजी राजाला शह लागला नसेल तर डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता येत असे. विलायती नियमाप्रमाणे प्यादे शेवटच्या घरात पोचले की त्याचा बहुधा वजीर होतो. देशी नियमाप्रमाणे ते ज्या मोहऱ्याच्या घरात पोचते तेच मोहरे होते. म्हणजे घोड्याच्या घरात गेलेले प्यादे घोडाच होणार! अशा खेळात कोणते प्यादे कोणत्या वाटेने न्यावे याचा विचार फार आधीपासून करावा लागे. ह्या रीतीने खेळणाऱ्या मुलाच्या अंगी धीर येई, डावाच्या शेवटापर्यंत नजर पोचविण्याची सवय लागे आणि घाई आपोआप सुटे.

एकविसाव्या वर्षी सुलतान खान पंजाबातील सर्वांत बलवान खेळाडू मानले जाऊ लागले. त्या भागात सर उमर हयात खान टिवाणा नावाचे मोठे जमीनदार होते. सैन्यात आणि दरबारात त्यांचे वजन होते आणि बुद्धिबळाची त्यांना विलक्षण आवड होती. सुलतानची कीर्ती त्यांच्या कानी गेली. त्यांनी त्या तरुणाला आपल्या आश्रयास घेतले आणि विलायती नियमांचे शिक्षण देण्याची व्यवस्था केली. ज्या हाताला प्यादे एक घर सरकविण्याची सवय होती त्या हाताला आता दोन घरे सरकविण्याचा सराव करावा लागला. सुलतान खान यांनी तो चिकाटीने केला. १९२८ साली अखिल भारतीय स्पर्धा झाली. तीत त्यांनी नऊ डाव खेळून आठ जिंकले, एक बरोबरीत सोडविला आणि एकही गमावला नाही. विलायती नियमांशी नुकती ओळख झालेला हा तरुण देशाचा विजेता ठरला.

पुढल्याच वर्षी, म्हणजे १९२९ च्या एप्रिल महिन्यात, सर उमर हयात खान कामानिमित्त लंडनला गेले, तेव्हा त्यांनी सुलतान खान यांना बरोबर नेले. तेथे पोचल्यावर थोड्याच दिवसांत त्यांच्या सरावासाठी एक लहानशी स्पर्धा भरविण्यात आली. विल्यम विंटर आणि फ्रेडरिक येट्स हे इंग्लंडमधील कसलेले खेळाडू तीत होते. स्पर्धेचा निकाल निराशाजनक लागला. सुलतान खान शेवटच्या स्थानी राहिले. त्यांच्याइतकेच गुण मिळविणारा दुसरा एक खेळाडू तेवढा त्यांच्या सोबतीला होता.

या पराभवाचे कारण त्यांच्या बुद्धीत नव्हते. ते डावाच्या आरंभात होते. बुद्धिबळाच्या डावातील पहिल्या दहा-बारा खेळ्यांना मोठे महत्त्व असते. त्यांत मोहरी मागच्या रांगेतून बाहेर काढावयाची असतात, पटाच्या मध्यावर ताबा मिळवावयाचा असतो आणि राजाला सुरक्षित जागी न्यावयाचे असते. हे तिन्ही हेतू एकाच वेळी कसे साधावेत याचा युरोपातील खेळाडूंनी शेकडो वर्षे विचार केला होता. अमुक खेळीला अमुक उत्तर द्यावे, अमुक वाटेने गेल्यास अमुक ठिकाणी फसगत होते, हे सारे त्यांनी ग्रंथांत लिहून ठेवले होते. प्रत्येक आरंभाला नाव होते आणि प्रत्येक नावामागे अनेक पिढ्यांचा अनुभव होता. सुलतान खान यांच्यापाशी हे ग्रंथ नव्हते, आणि ते ज्या भाषांत लिहिलेले होते त्या भाषांतही त्यांची गती नव्हती. समोरचा खेळाडू पहिल्या दहा खेळ्या पाठ म्हटल्यासारखा खेळून टाकी. तेथे सुलतान खान यांना पहिल्या खेळीपासून स्वतःच विचार करावा लागे. दुसऱ्याने वाचलेली वाट त्यांना अंधारात चाचपडत शोधावी लागे.

विंटर आणि येट्स यांनी या तरुणाला हरविले होते, पण त्याची योग्यता त्यांनी ओळखली होती. त्या दोघांनी त्यांच्याबरोबर सराव केला आणि उन्हाळ्यात होणाऱ्या ब्रिटिश अजिंक्यपदाच्या स्पर्धेसाठी त्यांची तयारी करून घेतली. प्रतिस्पर्ध्याला आपली विद्या मोकळ्या मनाने देणाऱ्या या दोन खेळाडूंचे नावही या कथेत आदराने घेतले पाहिजे.

ती स्पर्धा रॅम्सगेट या गावी झाली. सुलतान खान डावाच्या आरंभी अनेकदा अडचणीत येत. मोहरी दाटीवाटीने उभी राहत आणि पाहणाऱ्यांना वाटे की आता हा खेळाडू संपला. परंतु पटावरील सोंगट्या कमी होऊ लागल्या की चित्र पालटे. जेथे ग्रंथ संपतात तेथून त्यांचा खेळ सुरू होई. एखादे प्यादे, एखादे मोकळे घर, राजाचे एक पाऊल यांतून ते हळूहळू आपली बाजू सावरीत आणि समोरचा थकला की त्याच्यावर मात करीत. स्पर्धा संपली तेव्हा सर्वांत वरचे नाव त्यांचे होते. काही महिन्यांपूर्वी शेवटच्या स्थानी राहिलेला हा तरुण ब्रिटिश साम्राज्याचा विजेता झाला होता. इंग्लंडमधील खेळाडूंना याचे मोठे आश्चर्य वाटले.

त्याच वर्षाच्या अखेरीस ते मायदेशी परतले आणि १९३० च्या मे महिन्यात पुन्हा युरोपात आले. यानंतरची साडेतीन वर्षे त्यांच्या कीर्तीची वर्षे होत. १९३० साली बेल्जियममधील लिएज येथे युरोपातील नामवंत खेळाडू जमले होते. त्या स्पर्धेत टार्टाकोवर यांच्या खालोखाल सुलतान खान यांचा दुसरा क्रमांक आला. नाताळाच्या सुमारास इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हेस्टिंग्ज या गावी दरवर्षी मोठी स्पर्धा भरत असे. १९३०–३१ च्या हेस्टिंग्जच्या स्पर्धेत सुलतान खान यांची गाठ होजे राऊल कापाब्लांका यांच्याशी पडली.

कापाब्लांका हे क्यूबा देशाचे. १९२१ पासून १९२७ पर्यंत ते जगज्जेते होते. त्यांच्या खेळात चूक सापडणे इतके दुर्मीळ होते की लोक त्यांना बुद्धिबळाचे यंत्र म्हणत. डावाचा शेवट खेळावा तो त्यांनीच, असा त्यांचा लौकिक होता. अशा खेळाडूसमोर, ग्रंथांचा आधार नसलेला पंजाबातील तरुण पांढरी मोहरी घेऊन बसला.

सुलतान खान यांनी प्रथम राजाच्या बाजूचा घोडा बाहेर काढला. कापाब्लांकांनीही तसाच घोडा काढला. सुलतान खान यांनी वजिरापुढील प्यादे दोन घरे सरकविले. तेव्हा कापाब्लांकांनी वजिराच्या बाजूच्या घोड्यापुढील प्यादे एकच घर पुढे टाकले आणि त्या मोकळ्या झालेल्या घरात आपला उंट आणून बसविला. तेथून तो उंट पटाच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंतची तिरकी वाट रोखून धरीत होता. अशा मांडणीला बुद्धिबळाच्या ग्रंथांत वजिराच्या बाजूचा भारतीय बचाव असे म्हणतात.

विलायतेतील या बचावाला भारताचे नाव कसे पडले, याचीही एक गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यात जॉन कॉक्रेन नावाचे नामांकित ब्रिटिश खेळाडू राहत होते. कलकत्त्याबाहेरील एका गावी महेशचंद्र बॅनर्जी नावाचे एक खेळाडू असून ते कोणाला हार जात नाहीत, असे त्यांच्या कानी आले. कॉक्रेन यांनी त्यांना बोलावून घेतले आणि पुढील अनेक वर्षे त्या दोघांचे शेकडो डाव झाले. महेशचंद्र देशी खेळात वाढलेले होते. प्यादे एकच घर सरकवावे, त्याच्या मागील घरात उंट बसवावा आणि दुरून मध्यावर नजर ठेवावी, ही त्यांची रीत होती. त्या काळच्या युरोपीय खेळाडूंना ती विचित्र वाटे. पुढे मात्र तिचे मर्म युरोपच्या ध्यानात आले आणि अशा बचावांना भारतीय हे नाव मिळाले. म्हणजे हेस्टिंग्जच्या पटावर क्यूबाचा माजी जगज्जेता भारतीय वळणाने खेळत होता आणि भारतीय खेळाडू त्याच्या विरुद्ध बाजूस बसला होता!

दोन्ही बाजूंची आणखी काही मोहरी बाहेर आली. पाचव्या खेळीस सुलतान खान यांनी वजिराच्या बाजूच्या हत्तीपुढील प्यादे उचलले आणि ते एकच घर पुढे ठेवले. वरवर पाहता ही खेळी फुकट गेल्यासारखी दिसते. हिने मध्यावर ताबा मिळत नाही, कोणतेही मोहरे बाहेर येत नाही. परंतु तिच्यात एक हेतू होता. कापाब्लांकांचा दुसरा उंट पुढे धावून आला असता, तर त्याने पांढऱ्या घोड्याला राजासमोर जखडून टाकले असते. त्या लहानग्या प्याद्याने त्या उंटाची वाट बंद केली. विशेष हे की पुढे अनेक वर्षांनी टिग्रान पेट्रोसियन या जगज्जेत्याने हीच खेळी पुष्कळदा वापरली आणि आज ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांच्यानंतर गॅरी कास्पारोव्ह यांनीही तिचा उपयोग करून कित्येक डाव जिंकले. ज्यांना डावाचा आरंभ समजत नाही असे लोक म्हणत, त्या सुलतान खान यांनी ती १९३० सालीच मोठ्या पटावर मांडली होती.

डाव पुढे सरकला. सुलतान खान यांनी किल्लेकोट केलाच नाही. राजाला त्यांनी मध्यावरच उभे ठेवले आणि राजाच्या बाजूची प्यादी पुढे काढली. कापाब्लांकांनी आपले दोन्ही हत्ती एका मोकळ्या रांगेत एकामागे एक उभे केले आणि तेथून पांढऱ्या सैन्याच्या पिछाडीवर धडक मारली. एका हत्तीने शह दिला. पांढरा राजा शांतपणे एक घर पुढे आला. दुसऱ्या हत्तीनेही शह दिला. तेव्हा सुलतान खान यांनी आपला वजीर दिला आणि त्याच्या मोबदल्यात कापाब्लांकांचे दोन्ही हत्ती घेतले.

वजीर हे पटावरील सर्वांत बलवान मोहरे. ते गेले की पुष्कळ खेळाडूंचा धीर खचतो. पण दोन हत्ती एकमेकांना सांभाळून चालले तर एकट्या वजिराला भारी पडतात. मात्र तसे चालण्यासाठी वेळ लागतो आणि तोवर आपल्या राजाला शहांच्या माऱ्यातून वाचवावे लागते. पारावरच्या लांबलचक डावांत वाढलेल्या माणसाला वेळेची घाई नव्हती. कापाब्लांकांचा वजीर पटावर फिरत राहिला, पण त्याला कोठे शिरकाव मिळेना. सुलतान खान एकेक घर बांधून घेत गेले आणि प्रतिस्पर्ध्याच्या मोहऱ्यांना हालचालीस जागा उरू दिली नाही. अखेर पासष्टाव्या खेळीस कापाब्लांकांनी हार मान्य केली. जो खेळाडू डावाच्या शेवटात अजोड मानला जाई त्याला डावाच्या शेवटातच हार पत्करावी लागली. त्या स्पर्धेत माक्स ऑयवे पहिले, कापाब्लांका दुसरे आणि सुलतान खान तिसरे आले.

१९३१ साली टार्टाकोवर आणि सुलतान खान यांचा बारा डावांचा सामना झाला. सुलतान खान यांनी चार डाव जिंकले, तीन गमावले आणि पाच बरोबरीत सोडविले. सामना त्यांनी साडेसहा विरुद्ध साडेपाच गुणांनी जिंकला. १९३२ साली सालो फ्लोर यांच्याशी झालेल्या सहा डावांच्या सामन्यात मात्र त्यांना एका गुणाने हार पत्करावी लागली. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे अलेखिन, ऑयवे आणि फ्लोर यांच्या पाठोपाठ ते चौथे आले. ब्रिटिश अजिंक्यपदाच्या स्पर्धेत ते एकंदर चार वेळा उतरले आणि १९२९, १९३२ व १९३३ अशी तीन वर्षे त्यांनी ती जिंकली. देशोदेशींच्या संघांची जी बुद्धिबळ ऑलिंपियाड भरते, तीत १९३० साली हॅम्बुर्ग, १९३१ साली प्राग आणि १९३३ साली फोकस्टोन येथे ते ब्रिटिश संघाकडून पहिल्या पटावर खेळले. पहिला पट म्हणजे संघातील सर्वांत बलवान खेळाडूची जागा. प्राग येथे त्यांनी सतरा डावांपैकी केवळ दोन गमावले. फ्लोर आणि अकिबा रुबिनस्टाइन यांना तेथे त्यांनी हरविले आणि जगज्जेत्या अलेखिन यांच्याशी बरोबरी केली. ज्या देशावर ब्रिटिशांचे राज्य होते त्या देशातील एका खेडवळ तरुणावाचून ब्रिटिश संघाला पहिला पट लढविता येत नव्हता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

सर उमर हयात खान यांच्या परिवारात फातिमा नावाची एक तरुणीही बुद्धिबळ खेळत असे. १९३३ साली तिने ब्रिटिश स्त्रियांची अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. एकाच घरातील दोघांनी एकाच वर्षी इंग्लंडमधील दोन्ही अजिंक्यपदे मिळविली.

बाहेर ही कीर्ती पसरत असता सुलतान खान यांचे दिवस सुखाचे नव्हते. पंजाबच्या कोरड्या हवेत वाढलेल्या त्यांच्या देहाला इंग्लंडची ओलसर थंडी सोसवत नसे. हिवताप, पडसे आणि घशाचे विकार त्यांच्या पाठीस लागले होते. कित्येकदा ते गळ्याभोवती पट्ट्या गुंडाळून पटासमोर येऊन बसत. इंग्रजी त्यांना फारसे येत नसल्याने इतर खेळाडूंशी मनमोकळे बोलणे होत नसे. युरोपातील काही लेखकांनी त्यांना निरक्षर सेवक म्हणून रंगविले. अमेरिकेचे खेळाडू रूबेन फाइन यांनी आठवण लिहून ठेवली आहे, की १९३३ साली सर उमर हयात खान यांनी अमेरिकन संघास जेवावयास बोलाविले, तेव्हा ज्या खेळाडूचा सन्मान करावा म्हणून ते गेले होते तोच पाहुण्यांना वाढीत होता आणि हे पाहून सर्वांना अवघडल्यासारखे झाले. सुलतान खान यांच्या वंशजांना हे चित्र मान्य नाही. ते सुशिक्षित व प्रतिष्ठित कुळातील होते आणि कोणाचे चाकर नव्हते, असे ते सांगतात. खरे काय ते असो. एवढे निश्चित की युरोपात राहणे, स्पर्धेत उतरणे किंवा परत फिरणे यांपैकी कोणतीच गोष्ट सुलतान खान यांच्या एकट्याच्या हाती नव्हती.

१९३३ च्या अखेरीस सर उमर हयात खान भारतात परतले आणि त्यांच्याबरोबर सुलतान खान यांनाही परतावे लागले. त्यांचे वय तेव्हा तिशीच्या आसपास होते. बुद्धिबळपटूच्या आयुष्यात याच वयाला खेळ पिकू लागतो. मात्र त्यांनी या परतण्याचे दुःख केले नाही. आपण बंदिवासातून सुटलो असे त्यांना वाटले, अशी आठवण फातिमाने पुढे सांगितली.

१९३५ साली व्ही. के. खाडिलकर यांच्याशी त्यांचा दहा डावांचा सामना झाला. सुलतान खान यांनी नऊ डाव जिंकले आणि एक बरोबरीत सुटला. खाडिलकरांनी मिळविलेली ती अर्ध्या गुणाची बरोबरी हीदेखील लहान गोष्ट नव्हती. या सामन्यानंतर सुलतान खान मोठ्या स्पर्धांतून दिसेनासे झाले. त्या काळी भारतात बुद्धिबळपटूंना आधार देणारी देशव्यापी संस्था उभी राहिली नव्हती. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाची स्थापना १९५१ साली झाली. महासंघाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ साली आंध्रातील एलुरू येथे भरली आणि तीत रामचंद्र सप्रे व डी. वेंकय्या हे संयुक्त विजेते ठरले. तोवर देशाची फाळणी होऊन सुलतान खान यांचे गाव पाकिस्तानात गेले होते आणि ते आपली शेती पाहण्यात गढून गेले होते.

त्यांनी आपल्या मुलांना बुद्धिबळ शिकविले नाही. आयुष्यात याहून उपयोगी पडेल असे काही करा, असा त्यांचा मुलांना उपदेश असे, असे त्यांच्या थोरल्या मुलाने सांगितले आहे. ज्या खेळाने कीर्ती दिली, पण पोटापाण्याची किंवा स्वातंत्र्याची शाश्वती दिली नाही, त्या खेळाकडे वळून पाहताना त्यांच्या मनात काय येत असेल याची कल्पना या उपदेशावरून करता येते. २५ एप्रिल १९६६ रोजी सरगोधा येथे क्षयरोगाने त्यांचे निधन झाले.

१९५० साली जागतिक बुद्धिबळ महासंघाने जगातील श्रेष्ठ खेळाडूंना ग्रँडमास्टर हा किताब देण्यास आरंभ केला. ज्यांचा खेळ कित्येक वर्षांपूर्वीच थांबला होता अशा रुबिनस्टाइन यांनाही तो जुन्या पराक्रमाबद्दल मिळाला. रुबिनस्टाइन यांना हरविणाऱ्या सुलतान खान यांचे नाव मात्र त्या यादीत नव्हते. ही उणीव भरून निघण्यास आणखी चौऱ्याहत्तर वर्षे जावी लागली. २०२४ च्या फेब्रुवारी महिन्यात महासंघाने त्यांना मरणोत्तर सन्माननीय ग्रँडमास्टर हा किताब दिला.

काळ बदलला. आज जालना जिल्ह्यातील एखाद्या शाळेत पट मांडून बसलेली मुले आणि दूर क्यूबामधील मुले एकाच नियमाने खेळतात. डावाच्या आरंभाची जी विद्या सुलतान खान यांना कोणी वेळेवर दिली नाही ती आज लहान गावातील मुलालाही मिळू शकते. पहिल्या दहा खेळ्या पुस्तकातून शिकता येतात आणि त्या शिकाव्यात. परंतु अकराव्या खेळीपासून पुस्तक मिटावे लागते. तेथून पुढे पट आणि आपण एवढेच उरतो. पटावरील त्या एकांताची सुलतान खान यांना पहिल्याच खेळीपासून सवय होती.